आजीला तिसऱ्यांदा आलेले दात

—नाई वं बाई, रडू नको. मायच रडाले लागली तं लेकराले वाटते, आपलं काहीतरी लय मोठं हरवलं. किती वर्षाची हाये पोरगी? चार? अन् ओट्यावरून पडली म्हणतेस. आ कर वं बेटा — हां, समोरचाच गेला. मंग आता वाट पाह्य. लवकर पडला म्हणून लवकर येईन असं समजू नको. वेळेआधी पडलेला दात उलट उशीरच लावते. काहून? अवं, जागा रिकामी राह्यली का चावू चावू हिरडी टणक होते, टाचेच्या कातड्यावानी. आतला पक्का दात धडका मारते अन् दरवाजाच उघडत नाई. कोणाले सातव्या वर्षी येते, कोणाले आठव्या, कोणाले नवव्या. माह्याकडं अशी काय पाह्यतेस? मी डाक्टर नाई. शाळा मी बाहेरूनच पाह्यली. वाचाले शिकली ते किराण्याच्या पुड्यांवरून — पेपरात तिखट-हळद बांधून येत जाये ना, ते पुडी सोडली का पहिले वाचाची, मंग डब्यात भराची. जिथं तेलाचा डाग असन, तिथं मी मनानं जोडून घेतलं. आजवर कोणाले पत्ता नाई लागला.

हेच आत दाताच्या डाक्टरले सांगून राहिली होती, तं तो म्हणते, "आजी, तुम्ही जरा बाहेर बसा." हाकललं नाई बरं! हवा खाले पाठवलं. पंखा बंद हाये, ते गोठ वेगळी.

आत माही नात हाये, आर्वी, नऊ वर्षाची. नाव काय हाये हे? वर्ध्याकडचं गाव हाये ते! पण सुनेनं ठेवलं. सून बी आतच हाये, पूनम — तिले बसू देल्लं, मले नाई. तं आर्वीचा दात गेला तान्ह्या पोळ्यात, लेकरं लाकडाचे बैल ओढत मिरवतेत ना, तवा. एवढीशी होती, तुह्या पोरीएवढी. माह्या पोरानं बक्षिसासाठी लाकडाचा नंदी केला, चाकं लावून, झूल घालून — पोरीपेक्षा नंदी भारी! मी म्हणलं, अरे, हे पोरगी नंदीले ओढन का नंदी पोरीले? ऐकते कोण. मारुतीच्या देवळापासचा उतार लागला अन् नंदीनं मांगून अशी ढुशी देल्ली का पोरगी तोंडावर. रक्त, बोंबाबोंब — अन् पहिला नंबर आला! स्टीलचा डबा भेटला. दात गेला, डबा आला. दात मी रीतीनं शेणाच्या गोळ्यात घालून घरावरच्या कवेलूवर फेकला. मंग काय, शेजारचा आला, मोठा झाला, याचा पत्ताच नाई. वर्गातले पोट्टे तिले "रेल्वे फाटक" म्हणतेत, मेले. पोरगी हासाचीच बंद झाली, बाई. बोलते तं हाताआडून. घरात एवढी किलबिल करणारी पोरगी — जाऊ दे.

आता सकाळी एक्सरे काढला तं दात हाये! हिरडीच्या आड उभा हाये बिचारा. डाक्टर म्हणते, जराशी चीर देतो, मंग आपोआप येईन. अजून थांबले तं बाजूचे दात कलून त्याची जागा खातीन, अन् निघाला तरी वाकडा निघन. एवढंच काम. पण पोरगी तोंडच उघडत नाई.

सुईले भेते म्हणतेस? छट्! गोटमारीच्या दिवशी दोन गावं एकमेकांवर गोटे फेकतेत, तवा बापाच्या खांद्यावर बसून, "अजून फेका" म्हणणारी पोरगी हाये ते. भेत नाई. कारण दुसरं हाये. तुले कायले सांगू? अन् तू रामाकोन्याची ना? मंग तं बिलकुल नाई. माही नणंद रायते तिथं, इंदूबाई. ओळखतेस? पाह्य, मले वाटलंच.

अवं, काही नाई — पोरगी रडे ना, म्हणून मी म्हणलं, माहे बी सारे पडले होते, साठीत पुन्हा आले, वाट पाह्यली म्हणून आले. काहून, आले नाई का? हे काय, ज्वारीच्या कणसावानी. कुठून आले? नागपूरवरून आले, डब्बीत बसून! हासू नको. इंदूबाईलेही नाई समजलं. तिचे पडले तवा मी तिच्यासमोर फुटाणे खाल्ले अन् म्हणली, तू निंबाची काडी घासली नाई, भोग आता. जीव जात होता एकेका फुटाण्याले, पण खाल्ले. आता पोट्टी आत डाक्टरलेच सांगून राहिली, "माह्या आजीचे बिना चिरीचे आले, तुम्हाले काही समजत नाई." माहाच गळा धरला तिनं! अन् पूनम माह्याकडं पाहे. तिले ठाऊक हाये, रात्री मी दात काढून ग्लासात ठेवतो, ते तिनं पाह्यलं असन. बोलली असती तं भांडता तरी आलं असतं.

—कोण? मले? पाह्य, आता बोलावून राहिले! अजून नाई उघडलं म्हणते तोंड.

हा झोला धर. आत डोकावू नको. अन् इंदूबाई भेटली तं — भेटली तं सांगून टाक, काय होते! नाई, नाई, सांगू नको. मीच सांगन. बस तू इथीसा, पोरीचं नाक पुस.

सरका हो डाक्टर, खुर्चीपासून. आर्वी, इकडं पाह्य वं माय. आ कर म्हणतेत ना तुले? थांब, पहिले मी करतो. हे पाह्य—