नदीमची कॉफी

युरोपात बॅकपॅकिंग करायचंय? खुशाल करा, फक्त आमच्या नदीमला नेऊ नका. इथे बहरीनमध्ये हे साहेब चहाच्या दुकानासमोर कार लावतात, हॉर्न वाजवतात आणि चहा काचेपाशी येतो. स्वतः उतरायचं असतं, हे त्याच्या गावीही नाही.

व्हिएन्नाहून ट्रेनने प्रागला निघालो होतो. मधल्या स्टेशनवर गाडी थांबताच साहेबांनी मला कोपराने ढोसलं.

"दोन कॉफी आण. यल्ला, चल पळ!"

"गाडी सुटली म्हणजे?"

"अरे, माणूस खाली उतरलेला दिसतो ना त्यांना. थांबतील."

कप घेऊन वळतो तर दारं बंद. माझी बॅग, माझा पासपोर्ट आणि नदीम, सगळे डोळ्यांदेखत पुढे सरकले. त्याने वर हातही हलवला.

मागून आलेल्या गाडीत चढलो. तपासनीस बाईंना म्हटलं, "तिकीट मित्राकडे आहे आणि मित्र पुढच्या गाडीत." त्यांनी माझ्या हातातले दोन कप बघितले आणि पुढच्या प्रवाशाकडे वळल्या.

प्रागला नदीम बाकावर ऐसपैस बसलेला. वाटलं, आता तरी माफी मागेल. त्याने कप घेतला, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"साखर विसरलास ना?"