काठी वाकली पाहिजे

...नाही पण मला सांगा, मासे पकडायची काठी घ्यायला जाताना माणसाने सोबत सासऱ्यांना न्यावं का? आणि तेही वेंगुर्ल्याच्या? आमचे राजाभाऊ म्हणजे, तुम्हाला सांगतो, लहानपणापासून समुद्रात गळ टाकलेला माणूस, आणि मी दिल्लीत मंत्रालयातला सेक्शन ऑफिसर, सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये मासा पाहिला तो ताटातच. पण हिमाचलात नदीतला ट्राउट मासा पकडायला जायचं हे ठरवलं मी, व्हिडिओ बघबघून अभ्यास केला मी, आणि मनात एवढंच होतं हो, की एकदा, एकदाच ह्या माणसाने म्हणावं, जावईबापू, तुम्हाला कळतं!

करोल बागेतल्या दुकानात मी बारीकशी, लांबसडक काठी उचलली, हलवली, शेंडा असा लवलवला... तर सासरे म्हणतात, "ही काठी काय शेवग्याची शेंग? मासो हिका घेवन जातलो." म्हटलं, बाबा, काठी वाकली पाहिजे! ट्राउटला आपण पिसांची खोटी माशी दाखवतो, तिला वजनच नाही, मग ती लांब जाणार कशाच्या जोरावर? दोरीच्या, आणि काठीच्या वाकण्याच्या! ऐकतील तर शपथ. त्यांनी निवडलेल्या जाडजूड, ताठ काठीला झेंडा लावला असता, तर अख्खी कॉलनी सावधानमध्ये उभी राहिली असती. शेवटी दुकानदारच कंटाळला, "अंकलजी, छत पे चलो, दोनों फेंक के देख लो."

गच्चीच्या पार टोकाला बादली ठेवली. राजाभाऊंनी समुद्रात टाकतात तसा सगळा जीव लावून हिसका दिला... आणि माशी कुठे? त्यांच्याच स्वेटरच्या पाठीवर! सोडवायला कात्री आणावी लागली. मग मी. अहो, काठी वाकली पाहिजे ना? वाकली! दोरी मागे गेली, मी थांबलो, तेच तर शिकलो होतो, थांबायचं, आणि मग पुढे... माशी तरंगत तरंगत थेट बादलीत! शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या हो! एवढा आनंद मला प्रमोशनलाही झाला नव्हता.

सासरे पुढे आले. माझ्या हातातली काठी घेतली, टाकली, पुन्हा टाकली, खाली ठेवीचनात. म्हटलं चला, पटलं!

ऐनवेळी माझ्या ऑफिसात ऑडिट निघालं, रजा रद्द. राजाभाऊ माझीच ती काठी घेऊन एकटेच गेले. परवा तिकडून फोन आला, हातभर ट्राउट मिळाला म्हणे. आणि मग अर्धा तास मला समजावत होते, काठी कशी निवडायची ते.

मी म्हटलं, बरं बाबा.