घण कुणाच्या हातात

मी गाडीतच जन्मले. आई सांगायची, नेकनूरच्या वाटंला बैल सोडले आन् तू आलीस. आमी घिसाडी, आमाला घर म्हंजी गाडी, चूल तिच्यात, भाता-ऐरण तिच्यात, कोंबड्या तिच्यात. निजामाचं राज व्हतं तवा, बाजार धरून गावोगाव हिंडायचं, लोकाचे फाळ-कुऱ्हाडी करायच्या.

आमच्यात गडी सांडशीनं लोखंड धरतो आन् घण बायको मारती. जिच्या हातात घण, गाडी तिची. मला लेकरू न्हाई म्हणून ह्यांनी दुसरी केली, चंद्री. मीच म्हणले, आणा, जागा हाय. गाडीत जागा लई व्हती वो, मनात ती मावंना. ती केस विंचराय बसली की मला बैलाची शेपटी आठवायची. त्यात हे तिला घण शिकवाय लागले. काय सांगू तुमाला, तिच्या घणाचा आवाज आला की मला घास जात नसं.

तर पाटोद्याचा बाजार करून निघालतो. बाजारात ह्यांनी पाटलाच्या चाकाला लोखंडी धाव बसवली, मी म्हणले, आपली बी ढिली झालीया, तर म्हणले, आपली उद्या बघू. लोहाराचीच गाडी, उतारावर धाव निसटून पुढं पळाली आन् चाकाचे लाकडी पाटे उकलले. समदा संसार रस्त्यावर. मागून शेतकरी आला, हसला, म्हणला, काय बे लोहारा, दुसऱ्याच्या धावा बसवतुस आन् तुझी कुठं चालली?

धाव कापून आखूड करायची, तापवून जोड मारायचा, मग लालभडक चाकावर चढवायची. ह्यांनी सांडशी धरली. माझं काळीज घणात. आता कुणाला हाक मारत्यात?

चंद्री उठली तर हे वरडले, तू बस गं. थोरले, घे तू घण.

अगं बाई, मी पदर खोचला, तिच्याकडं बघून हसले बी. म्हणले, कावून गं, दमलीस का? तर ती खाली बघून म्हणती, अक्का, मला दिवस गेलेत. ह्यांना ठावं व्हतं, मला न्हाई.

मग मी जो घण हाणला! हे म्हणत्यात, हळू, चाक फोडतीस का? मी कशाची हळू. पाणी वतलं, वाफ उठली, धाव अशी बसली का पुढं कधी हालली न्हाई. ती लिंबाखाली गोधडीवर बसून बघत व्हती, राणीवानी.

आता हे गेले. तिचा ल्योक गाडी हाकतो, मला थोरली माय म्हणतो, पण पडसं झालं की तिलाच हाक मारतो. चंद्रीला औंदा खोकला धरलाय. मी रोज अडुळसा उकळून पाजते, न पेली तर नाक दाबून पाजते. लोक म्हणत्यात, सवतीवर किती माया! माया कशाची वो. मी थोरली, ह्यांच्याकडं आधी मी जाणार. तिला न्हाई जाऊ द्यायची मी माझ्या आधी.