गोल चरे

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात प्रिंटर मांडीवर घेऊन ताटकळलेल्या शाळेतल्या बाईंचे कान पुढच्या नवरा-बायकोकडे लागले होते.

"दादा, नीट बघा हो. कॉम्प्युटर बदलला, आता भरतकामाच्या मशीनचा प्रोग्राम परत टाकायचाय. एवढी एकच सीडी आहे. कंपनी केव्हाच बुडाली."

"चरे फार आहेत, काकू."

"माझीच अक्कल शेण खायला गेली. कबुतरं येऊ नयेत म्हणून खिडकीत टांगली."

"सकाळपासून हेच ऐकवतोय हिला! परवा गणवेश द्यायचेत. आता बस डोक्याला हात लावून!"

"काहीतरी करा हो दादा."

"खिडकीतले चरे हे आडवेतिडवे, काकू. त्यांनी फारसं बिघडत नाही. नडताहेत ते हे गोल चरे. कुणीतरी काहीतरी लावून गोल गोल घासलंय. पुसायचं असतं मधून बाहेर, सरळ."

"मी तर फडकंही नाही लावलं."

"चल गं, उशीर होतोय. दुसरीकडे दाखवू."

"थांबा हो. दादा, टूथपेस्टने होतं का असं?"

"होतं की. बरेच जण तोच उपाय करतात."

"तरीच! काल आणलेली ट्यूब आज सकाळी निम्मी कशी झाली, म्हणत होते मी."