एकाच जागी दोन नावं

मी हाताखालच्या पोरांनी लिहिलेलं कोड एवढं का म्हणून तपासतो, ते सांगतो. बीडच्या एका लॅबसाठी मी जावा भाषेत सॉफ्टवेअर लिहिलं होतं. पेशंटचं नाव मी स्टॅटिक व्हेरिएबलमध्ये ठेवलं, म्हणजे सर्व्हरवर सगळ्यांसाठी एकच जागा. आमच्या सीनियर मॅडम म्हणल्या, "दोन रिपोर्ट एकदम निघाले तर एकाचं नाव दुसऱ्याच्या रिपोर्टवर जाईल."

मी म्हणलं, "इथं एवढी गर्दी कुठं हाय, मॅडम?"

एक दिवस तसंच झालं. कॅन्सरच्या तपासणीला आलेल्या तलवाड्याच्या एका बाईच्या नावानं दुसरीचा, काही दोष नसलेला रिपोर्ट छापला गेला. चार महिन्यांनी तिचा नवरा लॅबमध्ये आला.

"गाठ तवाच होती म्हणं. आता डॉक्टर म्हणतेत, लई उशीर झाला."

लॅबवाले म्हणले, "मशीन चुकलं हो."

सॉफ्टवेअरच्या कामाला आलेलो मी शेजारीच उभा होतो, पण चूक माझी हाय हे त्याला सांगितलं न्हाई. त्यानं रिपोर्टची घडी घालून खिशात ठेवली.

"मशीनला काय बोलावं," म्हणला आन् निघून गेला.