शेंदराखालचे सहा आकडे

विपुलशेठ : मग खरवडून टाक ना! कानस आहे, पॉलिश पेपर आहे, वाट कसली बघतोस? मला बाराची रो-रो बोट पकडायचीय.

सिद्धेश : शेठ, हळू बोला ना, ठमाकाकी पडवीतच बसल्यात.

ठमाबाई : आयकला मी. कोन खरवडतंय माज्या देवाला?

सिद्धेश : देवाला नाही हो काकी, इंजिनाला! म्हणजे इंजिनावर जो शेंदराचा थर बसलाय ना, पुढच्या अंगाला, एवढा जाड, त्याच्या खाली कंपनीने ठोकलेला नंबर असतो. तो दिसला की झालं!

ठमाबाई : चालीस दसऱ्यांचा शेंदूर हाय तो. दर वर्साला तेलात कालवून ह्या हातानं लावलाय. मारुतीला कानस लावशील काय रं तू?

विपुलशेठ : मावशी, तुमची भावना मी समजतो. पण मारुतीला कोणी विकत घेत नाही ना. ही गाडी मी घेतोय.

ठमाबाई : घेतलीव कुटं अजून? नुसती दोन येला फेरी मारून फोटू काढलं.

सिद्धेश : काकी, फोटो मीच काढले. तुम्हाला ठाऊक नाही तुमच्या माडाखाली काय उभं आहे! पुढून मोटार, मागून टेम्पो, थेट अमेरिकेची, एल कॅमिनो! आणि त्यातही एसएस! मी परवा पेजवर टाकलं, ‘रायगडातली एकमेव एसएस, किहीममध्ये ताडपत्रीखाली,’ तर अकरा हजार लोकांनी बघितलं! एक जण तर अर्जेंटिनाचा होता!

ठमाबाई : त्याला काय पडलंय आमच्या ताडपत्रीचं?

विपुलशेठ : मावशी, त्या दोन अक्षरांत सगळं आहे. एसएस म्हणजे कंपनीचा सगळ्यात वरचा माल. पुढच्या महिन्यात आमच्या ग्रुपची जुन्या गाड्यांची रॅली आहे. मी सगळ्यांना सांगून बसलोय. एकाने तर माझ्याशी बोलणंच सोडलं, एवढा जळला.

ठमाबाई : गाडी बगायच्या अगोदर सांगितलंव?

विपुलशेठ : बिल्ला बघितला ना फोटोत! बिल्ला पुरतो.

ठमाबाई : तो मागचा? एस आन एस? तो तर ह्यांनी चोरबाजारातून आनला व्हता.

सिद्धेश : ...काय?

ठमाबाई : खारा वारा लागून पत्र्याला भोक पडला. एवढा, रुपयाएवढा. मागं पावसाचं पानी जायचं. तवा ह्ये मुंबयला जेले, तिथं रास पडलेली बिल्ल्यांची. भोक झाकंल एवढा मोटा बगून आनला. एक दुसरा व्हता, घोड्याचा, तो छान व्हता, पन लहान पडला.

विपुलशेठ : सिद्धेश.

सिद्धेश : हो शेठ.

विपुलशेठ : ही काय बोलते?

सिद्धेश : शेठ, थांबा, घाबरू नका! बिल्ला बाहेरून आणला म्हणजे गाडी एसएस नाही असं होत नाही! खरा बिल्ला पडला असेल, त्या जागी दुसरा लावला असेल! म्हणूनच तर नंबर पाहिजे. ही गाडी ज्या सालची आहे त्या सालच्या गाड्यांत एसएस आहे की नाही ते चासीच्या नंबरात येतच नाही, इंजिनावरूनच ओळखायचं! काचेखालच्या पट्टीवरचे शेवटचे सहा आकडे आणि इंजिनावरचे सहा आकडे जुळले, की इंजिन जन्माचं. मग पुढची अक्षरं बघायची, की इंजिन कुठलं.

ठमाबाई : थांब. काय बोललास?

सिद्धेश : अक्षरं बघायची...

ठमाबाई : त्याच्या अगोदर. आकडे जुलले तर काय?

सिद्धेश : तर इंजिन बदललेलं नाही. कारखान्यातून जे बसून आलं तेच. त्याला कोणी नाही म्हणू शकत नाही काकी, पोलीस नाही, कोर्ट नाही!

ठमाबाई : थलचा शिवदास पन नाय?

विपुलशेठ : हा कोण? दुसरा गिऱ्हाईक आहे का?

सिद्धेश : नाही शेठ, होडीवाला आहे. ती जुनी भानगड आहे... सांगू का काकी?

ठमाबाई : मी सांगतं. ही गाडी ह्यांच्या शेठची, ह्ये त्याचे डायवर. बंगला इकून परदेशी जेला, तवा ह्यांना बोलला, भागोजी, गाडी तुजी, पन इंजान बदलू नको. ह्ये हो बोलले. तवा सगल्या अमेरिकन गाड्यांत लोक डिझेलचा इंजान घालीत. पेटरोल कुनाला परवडतंय? ह्यांनी नाय घातला. गाडी उभी ठेवली. दसऱ्याला तेवडी चालू करायची, नारल फोडायचा, परत ताडपत्री.

विपुलशेठ : वा, काय पण वचन!

ठमाबाई : त्याच साली शिवदासची होडी लई पलाय लागली. तो ताडी पिऊन गावभर बोलला, भागोजीचा अमेरिकन इंजान हाय माज्या होडीत, गुपचूप इकलाय मना. झाला! गाव बोलला, शेठचा शबूद इकला, आन आत ट्रकचा जुना इंजान ठेवलाय. पंच बोलले, पालीला चल, बल्लालेश्वराच्या पायरीवर हात ठेव. ह्ये बोलले, मी इंजान इकला नाय ह्ये सांगाया देव कशाला पायजे? नाय जेले. मंग सगल्यांनाच खरा वाटला. मरंपरेंत भजनाला बसले नायत परत.

सिद्धेश : माझे आजोबापण म्हणायचे, काकांनी विकलं म्हणून. आमच्या घरात सगळे हसायचे... सॉरी काकी.

ठमाबाई : काडायचा.

सिद्धेश : काय?

ठमाबाई : शेंदूर. पन कानस नाय. देवाचा कवच सुटतं तसा काडायचा. निवद दाकवायचा, गरम तेल सोडायचा, सुरी न लावता हातानं सोडवायचा. आन कवच दर्यात न्यायचा, कचऱ्यात नाय. शेठ, तुमची ती बोट जाऊ द्या.

विपुलशेठ : दुसरी आहे ना दोन तासांनी. काढा, काढा!

(नैवेद्य दाखवून झाला, नारळ फुटला. तासाभराने शेंदराची जाड खपली अख्खीच्या अख्खी सिद्धेशच्या ओंजळीत सुटून आली.)

सिद्धेश : आईशप्पथ! काकी! बघा, आतल्या बाजूला आकडे उमटलेत! उलटे! आणि खालचं लोखंड बघा, कालच कारखान्यातून आल्यासारखं, एक डाग नाही! बाहेरचे लोक नंबर खोटा ठोकायचा तर ही जागा घासून गुळगुळीत करतात, आणि इथे कारखान्यातल्या मूळच्या रेघासुद्धा तशाच!

ठमाबाई : आकडे सांग.

सिद्धेश : हां. पट्टीवर आहे एक, तीन, सात, नऊ, शून्य, चार. आणि इंजिनावर... एक. तीन. सात. नऊ. शून्य...

विपुलशेठ : बोल ना!

सिद्धेश : चार.

ठमाबाई : परत बग.

सिद्धेश : चारच आहे काकी. जन्माचं इंजिन आहे.

ठमाबाई : ...बरा. पानी आनतं मी तुमाला.

विपुलशेठ : नंतर पाणी! अक्षरं काय, अक्षरं?

सिद्धेश : अक्षरं... थांबा, मोबाईलमध्ये यादी आहे... शेठ, हे लहान इंजिन आहे. साध्या गाडीचं. एसएसला मोठं यायचं.

विपुलशेठ : म्हणजे?

सिद्धेश : म्हणजे इंजिन खरं आहे, म्हणून एसएस खोटी आहे.

विपुलशेठ : मग माझ्याकडे काय राहिलं? अमेरिकेचा छोटा हत्ती?

सिद्धेश : शेठ, खरं सांगू? मला परवाच दिसलं होतं. इंजिनाच्या वरच्या झाकणाला चार बोल्ट आहेत, मोठ्याला सात असतात. बिल्लासुद्धा स्क्रूने बसवलेला. पण मी म्हटलं, काजळी आहे, नीट दिसत नसेल... आणि तोवर अर्जेंटिनावाल्याने हार्ट टाकलं होतं.

विपुलशेठ : ऐक. शांत हो. अजून काही बिघडलं नाही. इथे आपण तिघेच आहोत. हे इंजिन काढू, मोठं मागवू, नंबर घासून हेच सहा आकडे ठोकायचे. माणूस आहे माझ्याकडे. तू फक्त पेजवर लिही, ‘तपासलं, शंभर टक्के.’ तुझं नाव राहील, माझं नाव राहील, मावशीला पण ठरल्यापेक्षा जास्त देतो.

ठमाबाई : मंग ह्या इंजानाचा काय करनार?

विपुलशेठ : भंगार! नाहीतर एखाद्या होडीवाल्याला देऊन टाका.

ठमाबाई : सिद्धेश, ह्यांना बोटीवर सोडून ये.

विपुलशेठ : अरे मावशी, मी मस्करी केली! सिद्धेश, सांग ना हिला! तू तर समजतोस. अकरा हजार लोक आहेत तुझे.

सिद्धेश : समजतो शेठ. पण मी नाही लिहिणार.

विपुलशेठ : मग काय लिहिणार? ‘मी गाढव आहे’?

सिद्धेश : तसंच काहीतरी. जरा बरे शब्द बघतो.

विपुलशेठ : ठेवा तुमचा टेम्पो! रिक्षा मिळते मला नाक्यावर. ग्रुपला सांगतो, गाडी बघितली, पण मालकीण वेडी होती.

ठमाबाई : सांगा, सांगा. ताडपत्रीला हात नका लावू जाताना.

सिद्धेश : ...गेला. काकी, माझ्यामुळे तुमचं गिऱ्हाईक गेलं. आणि आता मला सगळ्यांसमोर सांगायचंय की मला चार आणि सात मोजता येत नाहीत.

ठमाबाई : सांग. चार दिस हसतील. तो बिल्ला काडू नको पन, भोक हाय तिथं.

सिद्धेश : नाही काढत. हे कवच? किहीमच्या किनाऱ्यावरच सोडू ना, जवळ पडेल.

ठमाबाई : नाय. थलला जाऊ. शिवदासची होडी लागते तिथं सोडू.

सिद्धेश : चला, माझी गाडी काढतो.

ठमाबाई : आन आकडे तूच वाच. जरा मोट्यानं वाच, त्याला आता कमी आयकू येतं.