मानेकडे लक्ष द्यावे

(शाळेतली आजारी मुलांसाठीची खोली. मधली सुट्टी. एका पडद्यामागे खाट.)

आई : काढून दाखवू नका सिस्टर, तुमची चिठ्ठी मला पाठ आहे. 'वजन वयाच्या मानाने जास्त. मानेकडे लक्ष द्यावे. भेटून जावे.' तीन वाक्यं. त्यातलं मधलं तेवढं मी मनावर घेतलं.

सिस्टर : आणि भेटायला आला नाहीत.

आई : नाही आले. वजनाचं सासूबाईंनी तिथल्या तिथे निकालात काढलं. म्हणाल्या, बाळसं आहे, उंची वाढली की उतरेल. दहा वर्षांच्या मुलीला कसलं बाळसं, पण मला तेच ऐकायचं होतं. राहिली मान. ती खरंच काळवंडली होती, मागून पट्टा ओढल्यासारखी. मला वाटलं, मुलगी अस्वच्छ आहे असं शाळेनं लेखी कळवलंय. दोन दिवस नुसती धुमसत होते.

सिस्टर : मळ हा शब्द मी लिहिला नव्हता.

आई : तुम्ही लिहिला नव्हता. मी वाचला.

सिस्टर : मग?

आई : आधी साबण. मग लिंबू. मग टाचा घासायची वज्री. रोज सकाळी, आठ महिने. ती मान खाली घालून उभी राहायची आणि विचारायची, आई, गेला का? मी म्हणायचे, थोडा राहिलाय.

गोबू : (पडद्यामागून) कधी कधी म्हणायचीस, उद्या नक्की जाईल.

आई : तू जागी आहेस होय गं? मला वाटलं, झोपलीस.

गोबू : बोट टोचल्यावर झोप कशी लागेल?

सिस्टर : टोच केवढी, बोलणं केवढं. आकडा सांग आईला.

गोबू : एकशे ऐंशी. कालच्यापेक्षा कमी.

आई : बारा दिवसांपूर्वी ही वर्गात पडली ना, तेव्हा त्या यंत्रानं आकडाच दाखवला नाही. त्याच्या मोजण्यापलीकडे गेली होती साखर. डॉक्टर म्हणाले, मोठ्या माणसांना होतो तो मधुमेह आहे, वजनानं लवकर ओढवला. मी म्हटलं, अहो, पाचवीतली मुलगी आहे. तर म्हणाले, हल्ली येतात अशी मुलं, आणि पुढचं नाव पुकारलं.

सिस्टर : बसा आधी. उभ्यानं बोलू नका.

आई : मी भित्री आहे सिस्टर, सगळे हसतात मला. चौथ्या मजल्यावर राहतो, तर प्रत्येक खिडकीला जाळी. प्लगला टोप्या. खाली गाड्या येतात म्हणून खेळायला सोडलं नाही. घरात बसावी म्हणून हातात फोन दिला, आणि फोनसोबत बिस्किटांचा डबा. ती जोरात घोरायची, तर मी मोबाइलवर रेकॉर्ड करून मावशीला ऐकवलं. हसलो आम्ही दोघी.

गोबू : मला नाही ऐकवलंस.

आई : नाही गं. पुसून टाकलंय ते.

सिस्टर : सगळं स्वतःवर ओढून घेऊ नका. या शाळेत चारशे दहा मुलं आहेत, वजनकाटा एक आणि मी एक. वर्षातून एकदा वजन. मैदानाची अर्धी जागा गाड्या लावायला गेली. खेळाचे तास गणितानं नेले. पाण्याची टाकी गळते म्हणून नळ बंद, आणि फाटकाबाहेर गोड पाण्याच्या बाटल्यांची गाडी. मुलं पिणार काय? नळासाठी चार अर्ज दिले मी.

आई : मग?

सिस्टर : चारही अर्जांची पोच मिळाली. पाणी नाही मिळालं.

आई : तुम्ही मला बोलावलंत ते हे सांगायला?

सिस्टर : नाही. गोबूसारख्या माना मला नऊ मुलांच्या दिसल्या होत्या. नऊ चिठ्ठ्या गेल्या, सगळ्यांवर तीच तीन वाक्यं. भेटायला एकजणही आलं नाही. मी म्हणत होते, आईबापांना काही पडलेलीच नाही. परवा गोबूकडून वज्रीचं ऐकलं आणि रात्रभर तेच डोक्यात. 'हा मळ नाही' एवढंच वर लिहायला हवं होतं. कागद छोटा होता. बाकीच्या घरांतून काय घासलं जात असेल, कोण जाणे.

गोबू : चिमणीकडे पण वज्री आणलीय.

आई : कोण चिमणी?

गोबू : तिसरीतली. बसमध्ये माझ्याशेजारी बसते. चिमणी नुसतं नावाला, माझ्याहून जाड आहे. आम्ही दोघी बसलो की तिसरीला जागाच उरत नाही, म्हणून ड्रायव्हरकाका आम्हाला सोफासेट म्हणतात.

आई : तिला कुणी सांगितलं वज्रीचं?

गोबू : तूच. तिच्या आईच्या फोनवर आलं होतं.

सिस्टर : म्हणजे?

आई : आयांचा ग्रुप आहे. मागच्या परीक्षेच्या सुमाराला कुणीतरी विचारलं होतं, मुलांच्या मानेचा मळ कशानं निघतो. मी शिकलेली ना, रीतसर क्रमानं लिहिलं. किती वेळ, कुठल्या दिशेनं, सगळं. बावीस जणींनी अंगठे उठवले. मला बरं वाटलं होतं सिस्टर.

सिस्टर : तिसरीतली ही मुलगी माझ्या नऊ जणांत आहे. थांबा, हजेरी बघते. सोमवारपासून आलेली नाही. आज गुरुवार.

गोबू : तिला खूप तहान लागते. स्वतःची बाटली संपली की माझी पिते. मधल्या स्टॉपवर शू लागते म्हणून रडते.

आई : तू मला आधी का नाही सांगितलंस?

गोबू : मलापण तसंच व्हायचं. मला वाटलं, सगळ्यांनाच होतं.

सिस्टर : फोन लावते. वाजतोय. नाही उचलत. परत लावते. नाही. आणि नोंदवहीत पत्ता जुना आहे, यांनी घर बदललंय.

गोबू : लाँड्रीच्या वळणावर उतरते ती. पुढे कुठे जाते ते माहीत नाही.

सिस्टर : ग्रुपमध्ये त्या बाजूला राहणारं कुणी असेलच. तुम्ही बोला.

आई : तुम्ही सांगितलंत तर ऐकतील. मी कुठल्या तोंडानं सांगू?

सिस्टर : माझ्या चिठ्ठीचं काय झालं ते बघितलंत ना. वज्रीचं तुमचं ऐकलं त्यांनी, हेही ऐकतील. मात्र सगळं सांगावं लागेल. लोक बोलतील.

आई : हिच्याबद्दलही बोलतील. गोबू, चालेल तुला?

गोबू : सांग. आणि 'थोडा राहिलाय' पण सांग. नाहीतर त्यांना कळणार नाही.

आई : बरं. माझा फोन काढते.

सिस्टर : लिहू नका, आवाजातच पाठवा. बटण दाबून धरा. सावकाश बोला.

आई : मी गोबूची आई. मान घासायची रीत मी इथे लिहिली होती, ती चूक होती. तो मळ नव्हता. शरीरात साखरेचं गणित बिघडायला लागलं की कातडी अशी काळी पडू शकते. मी आठ महिने माझ्या मुलीला वज्रीनं घासलं. ती विचारायची, गेला का, आणि मी म्हणायचे, थोडा राहिलाय. मान काळी म्हणजे आजारच असं नाही, पण घासू नका, डॉक्टरांना दाखवा. मुलाला रागावू नका, त्यानं काही केलेलं नाही. आणि अजून एक. तिसरीतली चिमणी सोमवारपासून शाळेत आलेली नाही. तिच्या घरी फोन उचलत नाहीत. लाँड्रीच्या वळणाजवळ राहणारं कुणी हे ऐकत असेल, तर हातातलं काम ठेवा आणि जाऊन बघा. समजवायला वगैरे बसू नका. तिला तहान किती लागते एवढंच विचारा, आणि खूप म्हणाली किंवा मलूल दिसली, तर तशीच दवाखान्यात न्या. मी निघालेय, पण मला घर माहीत नाही. तुम्ही जवळ आहात.